नगर ते भंडारदरा, एक बिनलेबलची बाटली घेऊन

भंडारदऱ्याला जायचं मी रागाच्या भरात ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी निसर्गाची ओढ वगैरे शोधत बसायला नको.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आमच्या सावेडीतल्या सोसायटीत फराळाचा कार्यक्रम होता. वरच्या मजल्यावरच्या बाई चिवड्याची बशी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हल्ली तुम्ही गांजा घेता म्हणे."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर माझी धाकटी बहीण सुधा पलीकडून बोलून मोकळी झाली. "छे हो, कसला गांजा. आयुर्वेदिक काढा घेते ती. गुडघ्यांसाठी."

मी काढा घेत नाही. माझ्या गुडघ्यांचे फोटो चार वेळा काढून झालेत, त्यांत काही सापडलेलं नाही. मला फायब्रोमायाल्जिया आहे. म्हणजे सगळ्या अंगाचे स्नायू दुखतात, आज खांदे तर उद्या मांड्या. आठ तास झोपून उठलं तरी रात्रभर पोती वाहिल्यासारखं वाटतं आणि दुपारपर्यंत डोक्यात धुकं असतं. एक्स-रेत दिसत नाही, रक्तात दिसत नाही, म्हणून लोकांना ते नसतंच. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लघुलेखक होते मी. साहेब बोलायचे थांबेपर्यंत माझी पेन्सिल थांबलेली असायची. त्याच बोटांना पुढे लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. एका डॉक्टरांनी मला कॅल्शियम दिलं, दुसऱ्यांनी योगासनांचा तक्ता. तिसऱ्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "लग्न केलं नाहीत ना तुम्ही? एकटेपणातून होतं असं." त्यांची फी मी दिली, याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

शेवटी पुण्यातल्या एका संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी अंगावर जागोजागी बोट दाबून पाहिलं, तासभर प्रश्न विचारले आणि दुखण्याला नाव दिलं. त्यांच्या गोळ्यांनी थोडं बरं वाटलं, पण पाय सुजायचे आणि दिवसभर पेंग यायची. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या संमतीनेच संगमनेरच्या एका वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी विजयेचं तेल दिलं.

हे एकदाच नीट सांगते, कारण विचारणारे फार आहेत. गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा, तो कायद्याने बंद. भांग म्हणजे पानं. त्या पानांचं, परवाना असलेल्या ठिकाणी बनवलेलं औषध नोंदणी असलेल्या वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. आयुर्वेदात त्याचं नाव विजया. जिभेखाली थेंब मोजून घ्यायचे. वैद्यबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "या आजारावर ह्याचा पुरावा अजून अपुरा आहे. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. तोंड कोरडं पडेल, चक्कर येईल, गाडी चालवायची नाही. रोज वहीत लिहा, मग ठरवू." इतकं सरळ बोलणारा माणूस मला सहा वर्षांत भेटला नव्हता. पहिले तीन आठवडे काहीही झालं नाही. मग एका सकाळी मी उठले आणि ती बरणी उघडली. दुखणं गेलेलं नाही. दहापैकी आठवर होतं ते पाचावर आलं, एवढंच. ज्याला कधी आठवर जगावं लागलं नाही त्याला पाचाची किंमत कळणार नाही.

तर त्या फराळाच्या दिवशी घरी आल्यावर मी सुधाला म्हटलं, "शनिवारी आपण भंडारदऱ्याला जातोय." चार वर्षांत मी नगरबाहेर फक्त दवाखान्यांसाठी पडले होते. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ मला माझ्या पायांनी चालत जाऊन बघायचं होतं. सुधा म्हणाली, "तुला झेपणार का?" मी म्हटलं, "काढा घेऊन झेपेल."

शनिवार

सुधा आणि तिचा मुलगा निखिल माझ्याकडेच राहतात. निखिल सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याला सुट्टी नव्हती. म्हणून ओळखीतून गाडी ठरवली, चालक बापू. जामखेडकडचा माणूस, चाळिशीचा, मितभाषी. मधली सीट मागे कलती होते की नाही, हे गाडी ठरवण्याआधी विचारून घ्या. मला ती कलती करून, कमरेमागे दोन उशा ठेवून बसावं लागतं. दीडशे किलोमीटरला सहा तास धरा. नकाशा चार दाखवतो. नकाशाला पाठ नसते.

सकाळी सातला निघालो. नगर-मनमाड रस्त्याविषयी मी सभ्य भाषेत लिहायचं ठरवलं आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. राहुरीपर्यंत मी खड्डे मोजले, नंतर खड्ड्यांमधला रस्ता मोजायला लागले, कारण तो कमी होता. उसाचा सीझन सुरू झालाय. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून डुलत चाललेले, पाठीमागे ना दिवा ना लाल फडकं. प्रत्येक आदळ्याला माझ्या मानेतून कळ निघून करंगळीपर्यंत जायची. धडधाकट माणसाला हा रस्ता गैरसोय वाटतो. आम्हाला तो दुखापत असतो. टेंडर काढणाऱ्याला एकदा माझ्या अंगात बसवून या रस्त्याने न्यायला हवं.

"मॅडम, हळू घिऊ का?" बापूने आरशातून विचारलं.

"हळू घेतलंत तर दुखणं जास्त वेळ चालेल. आहे तशी चालवा."

"व्हय, त्ये बी खरं हाय."

कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडून एका टपरीवर मिसळ खाल्ली. तिखटजाळ, पाव ताजा, चहात आलं भरपूर. बाकड्याला पाठ टेकायला आधार नाही, तेव्हा माझ्यासारख्यांनी गाडीतच मागवावं, ते आणून देतात. इथून आम्ही डावीकडे लोणीच्या रस्त्याला लागलो. पुढे थोड्याच अंतरावर कडुनिंबाखाली मारुतीचं छोटं देऊळ लागलं. सुधाने गाडी थांबवायला सांगितली. शनिवार होता. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ वाहिल्याशिवाय तिला पाणी गोड लागत नाही.

मी उतरले नाही. सुधा पलीकडे माळ घ्यायला गेली. जाताना मागे वळून म्हणाली, "ताई, माझ्या पिशवीतली तेलाची बाटली तेवढी बापूंकडे दे. त्यांनाही वाहायचंय म्हणत होते, तोवर त्यांना सुरू करू दे."

मी पिशवीत हात घातला. टॉवेल, बिस्किटं, आणि एक छोटी प्लॅस्टिकची बाटली, आत तेल. मी ती बापूच्या हातात दिली. तो चपला काढून आत गेला आणि मनोभावे उभा राहून त्याने ती सगळी बाटली मारुतीच्या डोक्यावर रिकामी केली. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने नाक वर केलं.

"तेल कुठलं म्हनायचं हे? वास येगळाच हाय."

"नगरचं हाय बाबा. मॅडमचं," बापू म्हणाला.

"लई भारी आसंल मग."

सुधा माळ घेऊन आली. मारुतीकडे पाहिलं. बापूच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. शेंदरावरून हिरवट ओघळ उतरत होता. मग ती गाडीशी आली आणि तिने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून दुसरी, अगदी तशीच बाटली काढली. तिच्यात तिळाचं तेल होतं.

मला समजायला काही क्षण लागले. माझ्या औषधाच्या बाटलीवर लेबल असतं. त्यावर औषधाचं नाव असतं आणि एक हिरवं पान छापलेलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी सुधाने ते औषध त्या बाटलीतून काढून आपल्या केसांच्या तेलाच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत ओतलं होतं आणि मूळ बाटली घरी कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती. चिठ्ठीसकट.

"रस्त्यात पोलीस गाड्या तपासतात, ताई," ती म्हणाली. "आणि चालकाने ते पान बघितलं असतं तर काय वाटलं असतं त्याला? थेंब मोजून मीच देणार होते तुला."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. प्रयोगशाळेत सिस्टर बेनेडिक्टा नावाच्या एका कडक बाई होत्या. बाटलीत काही ओतण्याआधी तिच्यावर नाव लिहायचं, असा त्यांचा नियम होता. नाव न लिहिता ओतलं की त्या ते सगळं मोरीत ओतून द्यायला लावायच्या, मग त्यात साधं पाणी का असेना. सुधाही त्याच शाळेत, मला पाच वर्षं मागे. ती हे विसरली. आणि मी, बाटलीवर नाव नाही हे दिसत असताना ती पुढे केली. त्या दिवशीचा निम्मा राग माझा माझ्यावर होता. उरलेल्या अर्ध्यात मात्र सुधाला मी काहीही कमी पडू दिलं नाही.

"तू माझं औषध चोरून आणलंस," मी म्हटलं. "मी चोर नाही. मी चिठ्ठी घेऊन, पावती घेऊन औषध आणते. तू ते चोरीच्या मालासारखं लपवलंस."

"पुढच्या रविवारी मुलीकडचे येणार आहेत निखिलला बघायला," सुधा म्हणाली. "मावशी भांग घेते असं कुणाच्या कानावर गेलं तर?"

"मग जाऊ दे. ज्यांना मावशीच्या औषधाची अडचण होते त्यांची मुलगी नको आपल्याला."

"तुझं काय जातंय असं बोलायला?"

बापू गाडीबाहेर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो चाचरत म्हणाला, "मॅडम, म्या सगळंच वतलं वो. थोडं ठिवलं असतं तर…"

"तुमची चूक नाही बापू. तुम्ही देवाला तेल वाहिलंत."

त्याने रिकाम्या बाटलीला टोपण लावलं. मग म्हणाला, "मारुतीचं सांधं तरी मोकळं व्हतील."

मला हसू आलं, आणि त्याचाही राग आला.

तिथूनच वैद्यबाईंना फोन लावला. त्या एका लग्नासाठी नाशिकला होत्या, सोमवारी दवाखान्यात येणार होत्या. "तुम्हाला तपासल्याशिवाय नवी चिठ्ठी देणार नाही," त्या म्हणाल्या. "दोन रात्री जातील. त्रास होईल, पण धोका नाही. पुण्याच्या डॉक्टरांच्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या मात्र चुकवू नका."

सुधा म्हणाली, परत जाऊ. मी म्हटलं, पुढे. औषध नसताना घरी जाऊन पलंगावर पडण्यापेक्षा डोंगर बघत पडेन.

संगमनेरपासून रस्ता माणसांचा होतो. अकोले गावानंतर चढ सुरू होतो, हवा थंड होते, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. राजूरला पेढ्यांसाठी थांबा. खव्याचे, खमंग भाजलेले, फार गोड नाहीत. सुधाने पाव किलो घेतले आणि न बोलता एक माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. न बोलता.

शेंडी गावात धरणाजवळ एका घरातल्या दोन खोल्या आधीच सांगून ठेवल्या होत्या. दोन्ही वेळचं जेवण धरून माणशी हजाराच्या आत-बाहेर. पंख्याची गरज नाही, गरम पाणी चुलीवरचं. एकच सूचना, खोली तळमजल्याची मागा. जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, धरणातल्या माशांचं कालवण. संध्याकाळी धरणाच्या भिंतीच्या बाजूला गेलो. पाणी काठोकाठ होतं. समोरच्या डोंगरांची रांग त्यात उलटी उतरलेली. चार वर्षांनी मी काहीतरी एवढं मोठं बघत होते आणि माझ्या डोक्यात एका छोट्या बाटलीशिवाय काही नव्हतं. याबद्दलही मी सुधाला माफ केलेलं नव्हतं.

रविवार

झोप लागली नाही. सकाळी घरमालकीणबाईंनी चहा आणला तेव्हा कप माझ्या बोटांत थांबेना. सुधाने तो दोन्ही हातांनी धरला आणि मला पाजला. त्या बाई दारातच उभ्या राहिल्या.

"हातात वारं भरलं का?" त्यांनी विचारलं.

"फायब्रोमायाल्जिया," मी म्हटलं.

"आगं बया," त्या म्हणाल्या आणि चुलीवरून गरम पाण्याचं पातेलं घेऊन आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात पाण्यात ठेवले. दहा मिनिटं एकही प्रश्न विचारला नाही. हे मला पाच दवाखान्यांत मिळालं नव्हतं.

खरं लिहायचं तर पाण्यात हात ठेवून बसले असताना एक विचार मनात आला. औषध नाही हे माहीत असल्यामुळेच तर हे होत नसेल? सगळा मनाचाच खेळ असेल तर? तो चष्म्यावरून बघणारा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसताना दिसला. याचं उत्तर माझ्याकडे नाही. वैद्यबाईंकडेही नाही, म्हणून तर वही लिहायला सांगतात. मी वहीत लिहिलं: "औषध नाही. झोप नाही. आठ." उत्तर शोधणं हे संशोधन करणाऱ्यांचं काम आहे आणि ते त्यांनी जरा लवकर करावं. आमचं वय वाट बघत थांबत नाही.

रतनवाडीला धरणाच्या कडेकडेने रस्ता जातो. वळणं फार आहेत, पण कोल्हारपर्यंतच्या रस्त्यापुढे हा गालिचा. बापूने सुचवलं, "वळनावर आदी सांगत जाऊ का? म्हंजे तुमी धरून बसताल." आणि तो खरंच सांगत गेला. डावं, मॅडम. आता उजवं. लई मोठं हाय हे. भात कापणी चालू होती. खाचरांमध्ये बायका कमरेत वाकून विळा चालवत होत्या. इतर कुणी प्रवासवर्णन लिहिलं असतं तर इथे सोनेरी शेतांवर एक परिच्छेद आला असता. मला त्या वाकलेल्या कमरा दिसत होत्या.

"माझी माय बारा वर्सं उसाला गेली," बापू एकदम म्हणाला. "पश्चिमेकडं, कारखान्याच्या टोळीसंगं. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून टरकात चढायचं. आता घरी हाय. सगळं आंग दुखतं म्हनती. उठल्यापसनं. डाक्टर म्हनतो, फोटूत काय न्हाई. माझी बायकू म्हनती, कामाचा कंटाळा हाय म्हातारीला."

"आणि तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

त्याने वळण घेतलं. "म्या बी त्येच म्हनतो," तो म्हणाला. "म्हनत हुतो."

अमृतेश्वराचं देऊळ गाडीतळापासून फार लांब नाही. धडधाकट माणसाला पाच मिनिटं. मला पस्तीस लागली. तीनदा बसले. एकदा एका कट्ट्यावर बसले तर तिथला दुकानदार म्हणाला, "आजी, डोली पाहिजे का?" मी आजी नाही आणि मला डोली नको होती. पण मी पोचले. काळ्या दगडावरचं कोरीवकाम इतकं बारीक आहे की ते करणाऱ्यांची बोटं शेवटी कशी झाली असतील, हाच विचार मनात आला. जवळच पायऱ्यांची जुनी पुष्करणी आहे, चारी बाजूंना देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे, पाणी शांत. तिथे वरच्या पायरीवर बसले. वाऱ्याने केस सुटले होते आणि माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते. सुधाने न विचारता पिशवीतून कंगवा काढला आणि मागे बसून माझी वेणी घालायला लागली.

"एक सांगू?" ती म्हणाली. मी तिचा चेहरा बघू शकत नव्हते. बहुधा म्हणूनच ती बोलली. "स्थळाचं होतंच. पण नुसतं तेवढं नव्हतं."

"मग?"

"चार वर्षं मी तुझं सगळं करते ताई. भांडी, कपडे, दवाखाने. पण कधीकधी मलाही वाटायचं, हे खरंच एवढं दुखतं का? बाहेरून तू चांगली दिसतेस. भांडतेस तर दणकून. मग कुणी विचारलं की मी सरळ गुडघे सांगते. गुडघे लोकांना पटतात."

पाण्यात एक पान पडलं. मला सगळ्या डॉक्टरांचा मिळून आला नसेल एवढा राग आला, आणि तो ठेवायला जागाच सापडेना, कारण ती हे सगळं माझे केस ओढले जाणार नाहीत अशा बेताने हळूहळू विंचरत सांगत होती.

"आणि आता?" मी विचारलं.

"आज सकाळी तो कप मी धरला ना," ती म्हणाली. मग तिने वेणीला रबर लावलं आणि माझ्या पाठीवर तळहात टेकवून बसून राहिली.

परत जायला चाळीस मिनिटं लागली. या वेळी सुधा माझ्या बाजूने, माझ्याच वेगाने चालत होती. एकदाही पुढे गेली नाही.

सोमवार

रंधा धबधबा परतीच्या वाटेवर आहे. पाणी कमी होतं, कठडे ठीक आहेत, पायऱ्या माझ्यासाठी नाहीत. वरूनच बघितला. दुपारी बाराला संगमनेरला वैद्यबाईंच्या दवाखान्यात होतो.

त्यांनी वही वाचली, नाडी, रक्तदाब, गोळ्यांची यादी, सगळं पाहिलं. मग मारुतीची गोष्ट ऐकली. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"बाटली बदलायची नाही," त्या सुधाला म्हणाल्या. "हे केसांचं तेल समजून घरात कुणी डोक्याला चोळलं असतं, लहान मुलाच्या पोटात गेलं असतं, तर? आणि तपासणीत बिनलेबलची बाटली सापडली तर तुमच्या ताईंनी काय दाखवायचं? लेबल, चिठ्ठी आणि माणूस, तिघं एकत्र प्रवास करतात. हे औषध आहे. तुम्हीच त्याला गुन्हा केलंत."

सुधाने मान हलवली. मी तिच्या बाजूने काही बोलले नाही. तेवढी मी चांगली नाही.

नवी चिठ्ठी झाली. दोन थेंब कमीपासून पुन्हा सुरुवात. बाटली त्यांच्याकडे शिल्लक होती. आम्ही उठणार तेवढ्यात दार ढकलून बापू आत आला, चपला बाहेर काढून, टोपी हातात.

"बाई, म्या चालक हाय ह्यांचा. एक ईचारायचं हुतं. मायसाठी हे तेल द्याल का?"

वैद्यबाईंनी त्याला बसवलं. आईचं वय, झोप, किती वर्षांपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तेल नाही देणार. बघितल्याशिवाय कुणालाच नाही देत. आधी रक्त तपासा. थायरॉईड, हाडांसाठीचं ड जीवनसत्त्व, संधिवात. तुमच्या तिकडे सरकारी दवाखान्यात होईल. त्यातून काही निघालं नाही तर मग हा आजार असू शकतो. असेलच असं नाही."

"मग त्या आजाराचं नाव तरी लिहून द्या," बापू म्हणाला. "नाव आसलं की लोक ऐकत्यात."

वैद्यबाईंनी एका छोट्या कागदावर तपासण्यांची यादी लिहिली आणि खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत, फायब्रोमायाल्जिया. पुढे प्रश्नचिन्ह. बापूने तो कागद घडी न घालता मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवला.

कोल्हार जवळ आलं. मारुतीजवळ गाडीचा वेग आपोआप कमी झाला. शेंदूर ताजा लावलेला होता. "वास गेला आसंल आता," बापू म्हणाला. सुधाने बसल्या जागेवरून हात जोडले. मीही जोडले. माझा महिन्याचा डोस त्याच्याकडे आहे, ओळख ठेवलेली बरी.

घरी

पंधरा दिवस झाले. विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: नोव्हेंबर उत्तम, गाडी कलत्या सीटची, दोन उशा, खोली तळमजल्याची, आणि कोल्हारपर्यंतच्या रस्त्यासाठी संयम नसेल तर पुण्याकडून वर या. माझं हे औषध वाचून कुणी भलतीकडून काही विकत आणू नका. मी डॉक्टर नाही. एका आजारी बाईची ही हकिकत आहे, चिठ्ठी नाही. वहीत काल "सहा" लिहिलं.

राग गेला का, असं निखिलने विचारलं. नाही. रस्ता तसाच आहे. तो चष्मेवाला डॉक्टर अजून प्रॅक्टिस करतो. वरच्या बाई लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून अजून अर्थपूर्ण हसतात.

बापूचा जामखेडहून फोन आला. आईचं रक्त तपासायला दिलं. डॉक्टर पहिल्यासारखंच "वयाचं आहे" म्हणाले, तेव्हा त्याने कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि यादीतल्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. "माय म्हनती, परत एकदा नाव सांग," बापू म्हणाला. "रोज ईचारती. पाठ करायली."

मुलीकडचे ठरल्या रविवारी येऊन गेले. सकाळपासून सुधा बैठकीची खोली आवरत होती. टीव्हीशेजारच्या टेबलावर माझी बाटली होती, चिठ्ठी तिच्याखाली. मी मुद्दाम तिथे ठेवली होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि मनात वाक्यं तयार करत होते, चांगली धारदार. सुधाने बाटली उचलली. टेबल पुसलं. बाटलीचा तळ पदराने पुसला आणि ती परत ठेवली.

मुलीच्या आईने कांदेपोहे खाता खाता ते लेबल वाचलं. पान पाहिलं. मग सुधाकडे पाहिलं.

"ताईचं औषध आहे," सुधा म्हणाली. "भांगेच्या पानांचं. तिला फायब्रोमायाल्जिया आहे." शब्द तिने जरा अडखळत उच्चारला, पण पूर्ण उच्चारला. माझी धारदार वाक्यं तशीच राहिली.

त्या बाई "असं का" म्हणाल्या आणि पोह्यांकडे वळल्या. त्यांचा फोन अजून आलेला नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. सुधा दिवसातून चार वेळा मोबाईल बघते.

बाटली तिथेच आहे. पानाची बाजू पुढे.